विकासात मागे पडणारे मूल आणि मदतीच्या अटी



शिक्षणाचा विषय निघाला की आपण पहिलीपासून पुढचे बोलतो. वसतिगृह, शिष्यवृत्ती, दहावीचा निकाल यांवर आपल्या सभांतून भरपूर चर्चा होते. परंतु शाळेत नाव घालण्यापूर्वीच्या सहा वर्षांत काही मुले मागे पडतात. त्यांचे बसणे, चालणे, बोलणे, समजणे वयाच्या मानाने उशिरा होते. अशा मुलांसाठी सरकारच्या योजना नाहीत असे नाही. मात्र प्रमाणपत्र, टक्केवारी आणि वय या अटींपाशी पुष्कळ मुलांची वाट अडते. या अटी कोणत्या, त्या कोठे सैल झाल्या आणि आणखी कोठे व्हावयास हव्यात, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

१. विकासातील विलंब म्हणजे काय?

प्रत्येक मूल आपल्या गतीने वाढते. तरीही काही ढोबळ खुणा आहेत. साधारणपणे चौथ्या महिन्यापर्यंत मूल मान धरते, नवव्या महिन्यापर्यंत आधाराशिवाय बसते, दीड वर्षापर्यंत स्वतः चालते आणि दोन वर्षांचे होईतो दोन शब्द जोडून बोलू लागते. यातील एखादी गोष्ट बरीच लांबली, किंवा येत असलेले शब्द मूल विसरू लागले, तर तपासणी करून घ्यावी. जन्मतः न रडलेले, दिवस भरण्यापूर्वी जन्मलेले किंवा फार कमी वजनाचे मूल असेल तर अधिक लक्ष ठेवावे.

उशीर म्हणजे अपंगत्व नव्हे, हेही लक्षात घ्यावे. न बोलणाऱ्या मुलाला कदाचित ऐकूच येत नसेल. ते वेळीच कळले तर उपाय करता येतो. पण घराघरांत काय ऐकू येते? "याचा बापही उशिराच बोलला होता." कोणी अंगारा लावतो, कोणी नवस बोलतो, आणि वर्ष-दोन वर्षे निघून जातात. मेंदूची घडण पहिल्या काही वर्षांत सर्वांत वेगाने होते. सबब याच काळात गेलेला वेळ सर्वांत महाग पडतो.

२. आज कोणती मदत आहे?

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व आहार शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण या सहा सेवा अंगणवाडीतून मिळू लागल्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यात जन्मतः असलेले दोष, कमतरता व आजार यांच्या जोडीने विकासातील विलंबही तपासला जातो. तपासणी पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत यावे आणि शंका असलेल्या मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी रचना आहे. कर्मचारी या केंद्राला 'डीईआयसी' म्हणतात.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली. तीनुसार सेविकेने लक्षणे ओळखावीत, मुलाला अंगणवाडीत सामावून घ्यावे आणि पालकांना पुढील उपचाराची वाट दाखवावी, असे अपेक्षित आहे. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत २०२१ पासून लहान मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रही आहे.

३. अडते कोठे?

पहिली अडचण टक्क्याची. कायद्याखालील बहुतेक ठोस लाभ ४० टक्के अपंगत्वापासून मिळतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतही हीच अट आहे. आता २०१८ च्या मार्गदर्शक सूचना पाहू. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलापासून पाच वर्षांपर्यंत 'सर्वांगीण विकासातील विलंब' हे निदान लिहिता येते. सामाजिक परिपक्वतेच्या चाचणीत ५५ ते ६९ गुण आले तर ५० टक्के आणि ७० ते ८४ गुण आले तर २५ टक्के धरले जातात. म्हणजे ६८ गुणांचे मूल मदतीला पात्र ठरते आणि ७१ गुणांचे ठरत नाही. वास्तविक दोघांनाही वाचोपचार हवा आहे, व्यायाम हवा आहे, आणि दोघांच्याही आईला कोणीतरी हात द्यावयास हवा आहे. शिवाय दोन वर्षांच्या मुलाचे असे काटेकोर मोजमाप करणे तज्ज्ञांनाही अवघड असते.

दुसरी अडचण वयाची. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांचा. दिव्यांग हक्क कायद्यातील मोफत शिक्षणाची तरतूदही सहाव्या वर्षापासूनची, आणि तीही ४० टक्क्यांवरील मुलांपुरती. सहा वर्षांखालील मुलांचे संगोपन व शिक्षण राज्यघटनेच्या ४५ व्या कलमात आहे. पण ते मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळे केवळ त्याच्या बळावर न्यायालयात दाद मागता येत नाही. दुसऱ्या टोकाला, पाळणाघर आणि अंगणवाडी सहाव्या वर्षी संपते. सहा वर्षांचे जे मूल समजुतीने तीन वर्षांचे आहे, त्याने कोठे जावे?

तिसरी अडचण आईच्या मजुरीची. धुणीभांडी करणारी, बांधकामावर जाणारी किंवा शेतात राबणारी बाई अशा मुलाला शेजारणीकडे किती दिवस ठेवणार? साधे पाळणाघरही "आम्हांला जमणार नाही" म्हणून त्याला परत पाठवते. मग आई काम सोडते. घरातील एक कमाई थांबते, आणि ती नेमकी उपचाराचा खर्च वाढतो त्याच वेळी. केंद्रात जायचे म्हणजे एक रोज बुडतो, त्यात गाडीभाडे वेगळे. चार फेऱ्यांनंतर उपचार बंद पडतो आणि कागदावर शेरा राहतो, 'पालक आले नाहीत.'

४. अटी बदलता येतात

नियम म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. पूर्वीच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत महिन्यातून किमान १५ दिवस किंवा वर्षातून सहा महिने काम करणाऱ्या आईचेच मूल पात्र होते. २०२२ मध्ये आलेल्या 'पाळणा' योजनेत ही अट गेली. आई कामावर असो वा नसो, सहा महिने ते सहा वर्षांचे मूल पाळणाघरात येऊ शकते. देशात १७,००० अंगणवाडी-सह-पाळणाघरे उभारण्याचे लक्ष्यही ठरले. आईवरची अट काढता आली, तर मुलावरची का काढता येऊ नये?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला व पुढे कोसबाडला हाच विचार प्रत्यक्षात आणला. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडले की, मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे. तोच न्याय येथे लागू होतो. मागे पडलेल्या मुलाच्या संगोपनाचा सारा भार एकट्या आईच्या पदरात टाकणे न्यायाचे नाही.

५. आमच्या मते काय व्हावे?

(अ) तपासणी पथकाची किंवा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी एवढाच पुरावा मानून पाळणाघर, उपचार व प्रवासखर्चाची मदत सुरू व्हावी. ४० टक्क्यांच्या दाखल्याची वाट पाहू नये.
(आ) अशा मुलांसाठी पाळणाघराची वयोमर्यादा, तज्ज्ञाच्या सल्ल्याने, सहाच्या पुढे वाढवावी.
(इ) जेथे असे मूल असेल तेथे जादा मदतनीस द्यावी. नुसता प्रवेश देऊन मूल कोपऱ्यात बसवले, तर तो हक्क कागदावरच राहतो.

यावर आक्षेप येईल की, अशाने कोणीही उठून लाभ घेईल. परंतु वाचोपचाराच्या खोलीत बसण्यासाठी कोणी आई खोटे मूल आणत नाही. चार-सहा महिन्यांनी फेरतपासणी ठेवावी. मूल बरोबरीला आले तर मदत थांबवावी, आणि त्यात सर्वांनाच आनंद आहे.

६. आपण काय करावे?

प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील सहा वर्षांखालील मुलांची यादी करावी आणि शंका असेल तेथे अंगणवाडी सेविकेशी बोलावे. तपासणी पथक केव्हा येणार याची चौकशी करावी. पहिल्या फेरीला आईसोबत एक कार्यकर्ती जावी. मुलाला प्रवेश नाकारला तर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाचे असतात. त्यातून या मुलांचा प्रवासखर्च देण्याचा विषय ग्रामसभेत मांडावा. आत्ममग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही १ लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. तिचे अर्ज भरून द्यावेत.

चर्चेसाठी प्रश्न : (१) आपल्या वस्तीतील अंगणवाडीत गेल्या वर्षी तपासणी किती वेळा झाली? (२) जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रापर्यंत जाण्यास किती वेळ व किती पैसे लागतात? (३) मदतीसाठी टक्का पाहावा की गरज? दोन्ही बाजू मांडा.

या प्रश्नांची उत्तरे पुस्तकात नाहीत, आपल्या गल्लीत आहेत. पुढील अभ्यासवर्गाला येताना प्रत्येकाने निदान एका घरी जाऊन, एका आईशी बोलून यावे, एवढीच आमची विनंती आहे.