चित्रपुस्तके आणि लिंगभाव

अक्षरओळख होण्यापूर्वीच मूल चित्रे वाचू लागते. चित्रातली आई नेहमी ओट्यापाशी आणि बाबा वर्तमानपत्र घेऊन खुर्चीत बसलेले दिसले, की ‘बायकांची कामे’ आणि ‘पुरुषांची कामे’ ही विभागणी कोणी न सांगताही त्याच्या मनात रुजते. मुलीने कसे वागावे, मुलाने रडावे की नाही, याविषयीच्या समाजाच्या अशा कल्पनांना ‘लिंगभाव’ म्हणतात. जन्मजात शरीररचनेहून ही गोष्ट वेगळी आहे.

या कल्पना चित्रांतून रुजतात, तशा त्या चित्रांतून बदलूही शकतात. बेंगळुरू येथे २००४ मध्ये स्थापन झालेल्या ‘प्रथम बुक्स’ या संस्थेने अनेक भारतीय भाषांत मुलांची पुस्तके काढली. राजीव आइप यांच्या ‘अम्माचीज अमेझिंग मशीन्स’ या तिच्या पुस्तकातील आजी साध्या यंत्रांच्या साहाय्याने नातवाबरोबर नारळाची बर्फी करते. बर्फी करणारी आजी ओळखीचीच. पण इथे ती संशोधकही आहे. स्त्रियांना विज्ञान कळते, हे निराळे सांगावे लागत नाही. महाराष्ट्रातही २०१९ मध्ये ‘बालभारती’च्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघेही भाजी निवडताना दाखवले गेले.

येथे बदलते ती कामाची वाटणी. चेन्नईच्या ‘तूलिका’ने प्रकाशित केलेले कनक शशी यांचे ‘गुठली हॅज विंग्ज’ हे पुस्तक एक पाऊल पुढे जाते. घरचे जिला मुलगा समजतात, ती गुठली स्वतःला मुलगी मानते. फ्रॉक घालू न दिल्याने ती कोमेजते. अखेर आई तिचे मन ओळखते. हा प्रश्न कामाचा नाही, स्वतःच्या ओळखीचा आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींचा आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला होता.

अशा गोष्टींनी मुले गोंधळतील, अशी शंका काही पालकांना वाटते. तिचा विचार करताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुलीने शर्ट-पँट घातली तर कौतुक होते. मुलाने फ्रॉक घातला तर हसू होते. ते हसू पुस्तकातून आलेले नसते. ज्याला हसले जाते, त्या मुलाला एखाद्या पानावर आपल्यासारखे कोणी भेटले, तर त्याचे एकटेपण कमी होते. आणि हसणाऱ्याला दुसऱ्याचे मन कळू लागते.

पाठगत प्रश्न
१. लिंगभाव म्हणजे काय, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.
२. आपल्या घरातील एखादे चित्रपुस्तक पाहा. त्यात कोण कोणते काम करताना दिसते, याची नोंद करा.