इतिहासाचे गणित आणि पडद्यावरची माणसे : 'फाउंडेशन'च्या माध्यमांतराचा विचार

आयझॅक असिमोव्ह यांच्या 'फाउंडेशन' कथा १९४२ ते १९५० या काळात 'अस्टाउंडिंग' या अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या आणि १९५१ ते १९५३ दरम्यान तीन ग्रंथांत संकलित झाल्या. त्यांच्या मुळाशी गिबनकृत रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास आहे. हॅरी सेल्डन या गणितज्ञाने सिद्ध केलेले 'सायकोहिस्टरी' हे शास्त्र एकेका व्यक्तीविषयी काहीच सांगू शकत नाही. प्रचंड समूहाविषयी मात्र ते भाकीत करते, तेही समूह त्या भाकितापासून अनभिज्ञ असेल तरच. साम्राज्य कोसळणार हे अटळ आहे. त्यानंतरचे तीस हजार वर्षांचे तमोयुग एक हजार वर्षांवर आणणे, एवढीच मुभा सेल्डन माणसाला देतो.

हा नियतिवाद असिमोव्ह यांच्या निवेदनात नव्हे, रचनेत आहे. काही दशकांच्या अंतराने पात्रे बदलतात आणि मागच्या कथेचा नायक पुढच्या कथेत केवळ उल्लेखापुरता उरतो. १९४५ साली आलेली सेनापती बेल रिओझची कथा या दृष्टीने सर्वांत निर्णायक म्हणावी लागेल. रिओझ फाउंडेशनला जवळजवळ जिंकतो. त्याच्याविषयी सम्राटाच्या मनात संशय निर्माण करण्यासाठी डेव्हर्स आणि बार ट्रँटरवर धावतात. पण त्यांचा खटाटोप फसतो, आणि तरीही रिओझला परत बोलावून देहदंड दिला जातो. समर्थ सम्राटाला समर्थ सेनापती सोसवत नाही, हे समीकरण त्या दोघांच्या धडपडीवाचूनच सुटते. वाचकाला येथे एक चमत्कारिक रितेपण जाणवते. ते दोष नसून आशयच आहे.

डेव्हिड एस. गॉयर आणि जॉश फ्रीडमन यांनी विकसित केलेली दूरचित्रवाणी मालिका २०२१ मध्ये ॲपल टीव्ही प्लसवर सुरू झाली. भागामागून भाग प्रेक्षकाला धरून ठेवायचे तर ओळखीचे चेहरे हवेत. दर काही भागांनी सगळी पात्रे पुसून टाकणे या माध्यमाला परवडत नाही. म्हणून सेल्डनचा अंकीय अवतार येतो, गाल डॉर्निक दीर्घ निद्रेत शतक ओलांडते, आणि मूळ कथेतला धूर्त महापौर साल्व्हर हार्डिन येथे विलक्षण अंतःप्रेरणा लाभलेली स्त्री होतो, पुढे तर गालची कन्या ठरतो. तांत्रिक सोयीपोटी केलेल्या या बदलांनी सिद्धान्ताचा कणाच वाकतो. इतिहास समूहाचा न राहता एका कुळाचा होतो. २०२३ च्या दुसऱ्या पर्वात रिओझ स्वतःच सम्राटावर उलटतो, हे नाट्यदृष्ट्या परिणामकारक असले तरी असिमोव्ह यांच्या समीकरणाचा त्यात मागमूस राहत नाही.

मालिकेला नियतिवाद उमगलेला नाही, असे मात्र नाही. तो तिने दुसरीकडे हलवला आहे. पहिल्या क्लिऑनच्या प्रतिकृती असलेले तीन सम्राट, बाल, प्रौढ आणि वृद्ध, एकाच वेळी राज्य करतात. ही कल्पना सर्वस्वी मालिकेची आणि तिच्यातली सर्वांत सकस. पहिल्या पर्वातला तरुण क्लिऑन रंगांध निघतो. एवढे वेगळेपण त्याच्या जिवावर बेतते. प्रौढ क्लिऑन त्याला वाचवू पाहतो, पण डेमर्झेल त्याची मान मोडते. आणि वंशाचे मूळ द्रव्यच दूषित झाले असल्याचे नंतर उघड होते. गणिताने जे सिद्ध करायचे ते येथे शरीर सिद्ध करते.

जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. १७६१ च्या रणांगणात विश्वासरावांना गोळी लागत नाही आणि इतिहास दुसऱ्या वाटेने जातो. एका क्षणाला एवढे वजन देणारी ही भूमिका सेल्डनच्या नेमकी विरुद्ध टोकाची. तरी गोळी चुकणे हा योगायोग आहे, कर्तृत्व नव्हे, याकडे मराठी समीक्षकाने लक्ष द्यावयास हवे.

असिमोव्ह यांनीही अपवाद मानला होता. म्यूल हा उत्परिवर्तित मनुष्य सेल्डनची योजना उधळतो, आणि ती सावरण्यासाठी मनांवर ताबा असलेल्या दुसऱ्या फाउंडेशनला छुपेपणाने राबावे लागते. म्हणजे मूळ ग्रंथातही अटळतेला राखणदार लागतातच. मूळ कथेत म्यूलचा धक्का बसतो तो त्याआधी शेकडो पृष्ठे एकही अपवाद आलेला नसतो म्हणून. मालिकेत तो २०२५ च्या तिसऱ्या पर्वात केंद्रस्थानी येतो, तोवर साल्व्हर आणि गाल या दोन अपवादांशी प्रेक्षकाचा पुरता परिचय झालेला असतो.