धोंड कोणी काढायची?

अभ्यासपाठ : व्यसनमुक्ती आणि मंडळी
वाचन : योहान 11:38-44



लाजराच्या कबरेचा हा भाग आपण बहुधा अंत्यविधीच्या वेळी वाचतो. या तिमाहीत तो व्यसनमुक्तीसाठी वाचू या. मेलेल्याला उठवणे हे एकट्या प्रभूचे काम. पण त्याच्या आधी एक आणि नंतर एक, अशी दोन कामे प्रभूने तिथे उभ्या असलेल्या लोकांना दिली. आधी कबरेवरची धोंड बाजूला करायची होती आणि नंतर लाजराला गुंडाळलेल्या पट्ट्या सोडायच्या होत्या. ज्याच्या हाकेने मेलेला माणूस उठतो, त्याला धोंड हलवणे जड नव्हते. तरी ते त्याने लोकांवर सोपवले. नवापूर परिसरात दारूने मोडलेल्या कुटुंबांत काम करताना मला वाटू लागले आहे की आपण प्रभूचे काम करायला पुढे धावतो आणि आपले काम मात्र तसेच ठेवतो.

1. आधी माझी चूक

काही वर्षांपूर्वी एका पाड्यावर तीन दिवसांची सभा होती. पहिल्या रात्री एक भाऊ रडत पुढे आला. वय चाळिशीचे, दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जाणारा, पंधरा वर्षे सकाळी उठल्यापासून पिणारा. त्याने सगळ्यांसमोर बाटली फोडली. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, “आजपासून थेंबही नाही.” लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी त्याचे हात कापू लागले. घाम, उलट्या. संध्याकाळी त्याला झटका आला. आम्हाला मार्काच्या नवव्या अध्यायातला, जमिनीवर आपटला जाणारा मुलगा आठवला. तिसऱ्या रात्री तो कुडाच्या भिंतीवरून मुंग्या झटकू लागला, मेलेल्या बापाला हाका मारू लागला. अंग तापाने भाजत होते. सगळे म्हणाले, अशुद्ध आत्मा आहे. मीही तेच म्हणालो. आम्ही सहा जणांनी त्याला खाटेवर धरून रात्रभर प्रार्थना केली. पहाटे तो निपचित पडला, तेव्हा जीप शोधली. दवाखाना यायच्या आत तो गेला.

मातीनंतर त्याची बायको मला म्हणाली, “भाऊ, पीत होता तेव्हा जिवंत तरी होता ना?”

माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते, आजही नाही. ईश्वरविज्ञानाच्या पदविकेत मी पुष्कळ शिकलो, पण त्या तीन दिवसांत त्याच्या शरीरात काय चालले होते, हे मला नंतर एका डॉक्टरांनी समजावले. तेच पुढे लिहीत आहे, म्हणजे तुमच्या पाड्यावर असे होणार नाही.

2. अचानक दारू सोडल्यावर काय होते

दारू मेंदूला मंद करते. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू त्या मंदपणाविरुद्ध सतत जोर लावून काम करायला शिकतो. दारू एकदम थांबली की तो जोर आवरायला काहीच उरत नाही. पहिल्या दिवसातच हात कापणे, घाम, छातीत धडधड, झोप उडणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो: नसलेले किडे, साप, माणसे दिसतात, दिवस-रात्र कळत नाही, ताप चढतो. ही अवस्था जिवावर बेतू शकते. हा आजार आहे, आणि त्यावर उपचार आहे.

डॉक्टर ठरावीक गोळ्या मोजून देतात आणि काही दिवसांत त्या कमी करत नेतात. बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतात, कारण सतत पिणाऱ्याच्या शरीरात ते संपत आलेले असते आणि त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून सकाळी उठल्याबरोबर ज्याला प्यावी लागते, किंवा ज्याला आधी कधी झटका आला आहे, त्याने घरच्या घरी एकदम सोडू नये. आधी डॉक्टरांना भेटावे. प्रार्थना जरूर करावी, पण दवाखान्यात त्याच्या खाटेशेजारी बसून.

आणखी एक धोका. दारू प्यायल्यानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी धूसर दिसू लागले, पोटात कळा आल्या, श्वास जोराने चालू लागला, तर दारूत विषारी मिथेनॉल असू शकते. उतरेल म्हणून वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा, नाहीतर डोळे जातात, जीवही जातो.

3. धोंड काढणे

धोंड काढायला सांगितल्यावर मार्था अडली. चार दिवस झाले आहेत, वास येईल, असे तिचे म्हणणे. आपल्या घरांतही हेच चालते. घरातले कशाला बाहेर काढायचे, पाळकांना कळले तर काय म्हणतील! बहिणी मार खाऊन उपासनेला येतात आणि पडले म्हणून सांगतात. ही लाज म्हणजे पहिली धोंड. भारत सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेला अहवाल 2019 मध्ये आला. त्यानुसार देशात सुमारे 16 कोटी लोक दारू पितात आणि त्यांतल्या साधारण 5 कोटी 70 लाखांना त्या व्यसनासाठी मदतीची गरज आहे. म्हणजे ही तुमच्या एकट्या घराची गोष्ट नाही.

दुसरी धोंड म्हणजे “आमच्यात चालतेच” हे वाक्य. मोहाचे झाड आपले शत्रू नाही. फुले वाळवून खाल्ली, विकली, अडचणीच्या महिन्यांत त्यांनी घरे जगवली. पूर्वजांच्या नावाने थेंब सांडून सणाला पिणे वेगळे होते. आज नवसागर टाकून रोज गाळलेली आणि दुकानातली देशी सणाची वाट पाहत नाही. पोरांच्या हातात तर ताडीपासून पंक्चरच्या सोल्युशनपर्यंत काहीही येते. तेव्हा संस्कृतीचे नाव पुढे करून धंद्याला आडोसा देऊ नका. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांच्या विक्रीवर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार मान्य केला आहे. मंडळीच्या बहिणींनी ग्रामसभेत जाऊन बसणे हेही धोंड ढकलणेच आहे.

4. हाक त्याच्या नावाची आहे

प्रभूने लाजराला नाव घेऊन हाक मारली, आणि लाजर स्वतः बाहेर आला. सोडण्याचा निर्णय त्या माणसाचा असला पाहिजे. बाजारात “न सांगता दारू सोडवा” म्हणून पुड्या मिळतात आणि वहिनी त्या भाजीत कालवतात. त्यांचे हतबल होणे मी जाणतो, पण असे करू नका. दारूची चीड आणणारे डायसल्फिराम नावाचे औषध आहे. ते पोटात असताना दारू घेतली तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो, जीव जाऊ शकतो. ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. साखळीने बांधणे, मारणे, उपाशी ठेवणे हाही उपचार नव्हे.

5. बंधने सोडणे

लाजर जिवंत बाहेर आला, पण हातपाय बांधलेलेच होते. केंद्रात महिना काढून परत येणारा माणूस असाच असतो. जीव आला आहे, चालता येत नाही.

असाच एक भाऊ मला माहीत आहे. तो केंद्रातून दोनदा परतला आणि दोन्ही वेळा महिना-दोन महिन्यांत घसरला. एकदा लग्नात नातलगांनी “घोटभर घे, काय होते” म्हटले, एकदा हातात मजुरी आली आणि वाटेत दुकान होते. आमच्यातले काही म्हणाले, याचा पश्चात्ताप खोटा. मी गप्प बसलो. तिसऱ्या खेपेला मंडळीतल्या एका म्हाताऱ्या काकांनी त्याला विचारले, “कोणत्या वेळेला जास्त ओढ लागते?” तो म्हणाला, “बाजाराच्या दिवशी, दिवस मावळताना.” त्या दिवसापासून काका दर आठवडे बाजाराला त्याच्याबरोबर जात, किराणा घेत आणि घरी येऊन त्याच्या ओट्यावर चहा पीत. त्याच्याच सांगण्यावरून मजुरी वहिनींच्या खात्यावर जाऊ लागली. आज चार वर्षे झाली. उद्याचे तोही सांगत नाही, मीही सांगत नाही.

पट्ट्या अशा एक-एक करून सुटतात. घसरणे हा या आजाराचाच भाग आहे. घसरलेल्याला परत उभे करा, मात्र त्याचे कर्ज फेडून किंवा खोटे बोलून त्याला पाठीशी घालू नका. वहिनी आणि मुलांसाठी वेगळा वेळ काढा, त्यांच्याही जखमा आहेत. मार होत असेल तर आधी त्यांना सुरक्षित जागी हलवा. प्रभुभोजनाच्या प्याल्यात साधा द्राक्षरस ठेवा. जवळपास अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची सभा भरत असेल तर पाठवा. 1935 मध्ये अमेरिकेत दोन दारुड्यांच्या भेटीतून सुरू झालेली ही संगत फी घेत नाही. पुण्याचे मुक्तांगण 1986 पासून या कामात आहे. शासनाचा 14446 हा मोफत क्रमांक मंडळीच्या फलकावर लिहून ठेवा.

गटात चर्चेसाठी

1. आपल्या पाड्यावर मार्थेसारखे “वास येईल” असे कोण म्हणते? का?
2. आपल्या ओळखीत सकाळीच प्यावी लागणारे कोण आहेत? त्यांना दवाखान्यात कोण नेणार, गाडी कोणाची?
3. आपल्या मंडळीत बाजाराच्या दिवशी सोबत जाणारे काका कोण होतील? नाव ठरवूनच उठा.

प्रार्थना

हे प्रभू, ज्याला आम्ही अज्ञानाने गमावले त्याच्या लेकरांना सांभाळ. तुझे काम तू करशीलच. आमच्या वाट्याची धोंड हलवायला आमच्या हातांना बळ दे, आणि पट्ट्या सोडताना धीर दे. आमेन.