पेट्रोलमध्ये पाणी : घनतेचा पाठ आणि पेट्रोल पंपाची जबाबदारी



आठवीच्या विज्ञानात 'बल व दाब' या पाठात घनता, सापेक्ष घनता आणि आर्किमिडीजचं तत्त्व येतं. मुलं व्याख्या पाठ करतात, सूत्र लिहितात, गुण मिळवतात. पण "याचा उपयोग काय?" असं एखाद्यानं विचारलं की आपण जहाज आणि पाणबुडीचं उदाहरण देतो. आपल्या बहुतेक मुलांनी पाणबुडी कधी पाहिलेली नसते. पेट्रोल पंप मात्र सगळ्यांनी पाहिलेला असतो. म्हणून आज हाच पाठ पंपावर नेऊ या. विज्ञानाबरोबर नागरिकशास्त्राचाही एक धडा आपोआप होईल.

एक घडलेली घटना

२६ जून २०२५ ची रात्र. मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यासाठी आलेल्या १९ गाड्यांनी रतलामजवळच्या एका पंपावर डिझेल भरलं आणि थोड्याच अंतरावर त्या एकामागून एक बंद पडल्या. टाक्या उघडून पाहिल्या तर डिझेलबरोबर पाणी निघालं. प्रशासनानं पंप सील केला, ताफ्यासाठी दुसऱ्या गाड्या मागवाव्या लागल्या. पावसाचं पाणी जमिनीखालच्या टाकीत शिरलं असावं, अशी शक्यता तेव्हा सांगितली गेली.

मुलांना इथं एक प्रश्न जरूर विचारा. एकाच वेळी १९ सरकारी गाड्या बंद पडल्या म्हणून दोष इंधनाचा आहे हे लगेच कळलं. पण त्या रात्री एकटा रिक्षावाला तिथं पेट्रोल भरून गेला असता तर? त्याला वाटलं असतं, प्लग गेला. मेकॅनिकनं कार्बोरेटर उघडला असता, दोन दिवसांची कमाई गेली असती आणि खरं कारण कदाचित कधीच कळलं नसतं. म्हणजे तपासणी कशी करायची हे माहीत असणं जास्त गरजेचं कुणाला आहे? ज्याच्यामागे यंत्रणा नाही, त्याला.

पाणी खाली का बसतं?

मिसळीचा कट आठवा. तर्री वर तरंगते, पाणीदार रस्सा खाली राहतो. तेल पाण्यात विरघळत नाही आणि पाण्यापेक्षा हलकं असतं. पेट्रोल-डिझेलचं तसंच आहे. आकडे फळ्यावर लिहून द्या :

- पाणी : १ घनमीटरचं वस्तुमान सुमारे १००० किलो
- डिझेल : साधारण ८२० ते ८४५ किलो
- पेट्रोल : साधारण ७२० ते ७७५ किलो

म्हणजे टाकीत पाणी गेलं की ते तळाशी जाऊन बसणार. आता गंमत अशी, की गाडीतला इंधनपंपही टाकीच्या तळाजवळूनच इंधन ओढतो, कारण शेवटचा थेंबही वापरता यावा अशी रचना असते. त्यामुळे टाकीत ३० लिटर चांगलं पेट्रोल असलं तरी इंजिनाकडे आधी तळाचं पाणी जातं. गाडी झटके देते, मिसिंग करते आणि बंद पडते. डिझेल गाड्यांत पाणी वेगळं करणारा फिल्टर असतो, पण त्याचीही मर्यादा असते. त्यापलीकडे पाणी गेलं तर नुकसान मोठं. नव्या डिझेल इंजिनांत इंधन अतिशय उच्च दाबाने फवारलं जातं आणि त्या पंपाला, इंजेक्टरला वंगण म्हणून डिझेलच काम करतं. पाण्याला वंगणाचा गुण नाही. भाग घासले जातात, गंजतात.

पाणी येतं कुठून?

दुधात पाणी घालतात तसं पेट्रोलमध्ये पाणी कुणी सहसा मुद्दाम घालत नाही, कारण ते लगेच उघडं पडतं. पाणी येतं ते बहुतेक वेळा हलगर्जीपणातून. पंपावरचं इंधन जमिनीखालच्या टाकीत असतं. त्या टाकीच्या तोंडावरचं झाकण नीट बसत नसेल, झाकणाखालच्या खड्ड्यात पावसाचं पाणी तुंबलं असेल, टाकीला किंवा पाइपला चीर असेल, तर पाणी आत जातं. टँकरच्या कप्प्यात पाणी राहिलेलं असू शकतं. शिवाय टाकीतल्या रिकाम्या जागेतली दमट हवा थंड झाली की आतून घाम येतो, तो वेगळाच. जून ते सप्टेंबर या काळात कोकणातला किंवा घाटमाथ्यावरचा पंप ज्यानं पाहिलाय, त्याला हे वेगळं सांगायला नको.

इथेनॉलमुळे काय बदललं?

हा भाग जरा सावकाश शिकवा. आज आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. त्यातलं काही आपल्याच साखर कारखान्यांतून, उसापासून येतं. २०२२ मध्ये देशानं १० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला, २०२५ मध्ये २० टक्क्यांचा. परदेशातून आणावं लागणारं तेल कमी व्हावं, हा त्यामागचा एक हेतू.

इथेनॉलची मैत्री दोघांशी आहे, पेट्रोलशीही आणि पाण्याशीही. पण पाण्याशी जास्त. थोडं पाणी आलं तर ते इथेनॉलच्या आधाराने पेट्रोलमध्येच विरघळून राहतं, डोळ्यांना दिसत नाही. १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल १५ अंश तापमानाला सुमारे अर्धा टक्का पाणी असं सामावून घेऊ शकतं. पाणी त्या मर्यादेपलीकडे गेलं, किंवा तापमान उतरलं, की इथेनॉल पेट्रोलचा हात सोडतं आणि पाण्याबरोबर तळाशी जातं. त्यामुळे तळाचा थर नुसत्या पाण्याच्या थरापेक्षा मोठा होतो आणि वर राहिलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन अंकही कमी होतो. दोन्ही थर बिघडतात.

यावरून इथेनॉल वाईट, असा निष्कर्ष मुलांनी काढू नये. निष्कर्ष इतकाच, की पूर्वी जेवढं पाणी पंपावर चालून जायचं तेवढं आता चालणार नाही. टाकी कोरडी ठेवण्याची जबाबदारी वाढली आहे.

कोणती चाचणी काय पकडते?

पंपावर ग्राहकाला काही गोष्टी मागण्याचा हक्क आहे. त्या मोफत आहेत आणि त्यासाठी ओळख लागत नाही. पण प्रत्येक चाचणीचं काम वेगळं आहे, तिथं बऱ्याच जणांचा घोळ होतो.

*फिल्टर पेपर :* नोझलमधून पेट्रोलचा एक थेंब कागदावर टाकायचा. काही मिनिटांत तो उडून गेला आणि डाग राहिला नाही तर ठीक. डाग राहिला तर रॉकेल, डिझेलसारख्या जड पदार्थाच्या भेसळीचा संशय. ही चाचणी पाण्यासाठी नाही.

*५ लिटरचं माप :* पेट्रोल पुरेसं मिळतंय का हे याने कळतं, शुद्ध आहे का ते नाही.

*घनता :* काचेच्या उभ्या नळकांड्यात पेट्रोल घेऊन हायड्रोमीटर सोडतात. डेअरीवर दुधात सोडतात त्या दुग्धतामापीचंच हे भावंडं, तत्त्व तेच आर्किमिडीजचं. तापमान वाढलं की पेट्रोल प्रसरण पावतं आणि घनता घटते, म्हणून तक्त्यावरून ती १५ अंशाला किती हे काढतात. टँकरबरोबर आलेल्या कागदावरच्या घनतेपेक्षा फरक ३ किलोपेक्षा जास्त नसावा.

आता मुलांना हे गणित घाला. पेट्रोलची घनता ७४५ आहे. त्यात १ टक्का पाणी एकजीव मिसळलं असं समजू. नवी घनता किती?

०.९९ × ७४५ + ०.०१ × १००० = ७४७.५५

फरक फक्त २.५५. म्हणजे चाचणी पास! आणि ३५ लिटरच्या टाकीत १ टक्का म्हणजे ३५० मिलिलिटर पाणी. ते तळाशी साचलं तर गाडी अडवायला पुरेसं आहे. एका चाचणीवर विसंबून का चालत नाही, हे या एका उदाहरणातून मुलांना पक्कं कळतं.

*तळाची तपासणी :* पाण्यासाठी खरी चाचणी ही, आणि ती पंपचालकानंच करायची असते. डिप रॉडच्या टोकाला पाणी शोधणारी पेस्ट लावून रॉड टाकीच्या तळापर्यंत सोडतात. जिथपर्यंत पाणी असेल तिथपर्यंत पेस्टचा रंग बदलतो. इथेनॉलच्या पेट्रोलसाठी त्याला योग्य अशी पेस्ट लागते. ग्राहक म्हणून आपण विचारू शकतो, "आज सकाळी डिप घेतला का? पाणी किती आलं?" शिवाय पारदर्शक भांड्यात नमुना काढून काही मिनिटं स्थिर ठेवायला सांगता येतं. खाली वेगळा थर दिसला किंवा पेट्रोल गढूळ दिसलं, तर भरू नका.

मग जबाबदारी कुणाची?

इंधन आपल्यापर्यंत येईस्तोवर तीन हातांतून जातं : तेल कंपनी, टँकर आणि पंपचालक. पुष्कळ पंपांवर जमिनीखालच्या टाक्या आणि यंत्रं कंपनीच्या मालकीची असतात, रोजची देखभाल पंपचालकाकडे असते. त्यामुळे गडबड झाली की एकानं दुसऱ्याकडे बोट दाखवायचं हे ठरलेलं.

पण प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे. टँकर खाली करण्याआधी घनता आणि पाणी तपासायचं, नमुना सीलबंद करून ठेवायचा. रोज टाकीतल्या पाण्याची नोंद करायची. पावसाळ्याआधी झाकणं, रबरी सील बघायची. पाणी सापडलं की त्या टाकीची विक्री तिथंच थांबवायची आणि कंपनीला कळवायचं. पेट्रोल-डिझेलमधले गैरप्रकार रोखण्यासाठी जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली केंद्र सरकारचा २००५ चा आदेश आहे. ग्राहकासाठी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे.

इथं मुलांना एक फरक समजावून द्या. पोलिस केसमध्ये प्रश्न असतो, "मुद्दाम केलं का?" ग्राहक कायद्यात प्रश्न असतो, "विकलेल्या मालात दोष होता का?" पंपवाला प्रामाणिक असेल, पाणी पावसाचंच असेल, तरी ग्राहकाची गाडी बिघडलीच ना? 'आम्ही मुद्दाम केलं नाही' हे उत्तर भरपाई टाळायला पुरेसं नाही.

गाडी बंद पडलीच तर

पालकांसाठी हे मुद्दाम क्रमानं देतो :

१. पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका. पाणी आणखी पुढे ओढलं जातं.
२. पंपाचं बिल किंवा ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद जपून ठेवा. वेळ, नोझल क्रमांक लिहून ठेवा.
३. मेकॅनिककडून टाकीतलं इंधन काढताना फोटो, व्हिडिओ घ्या. दोन साक्षीदारांसमोर नमुना सीलबंद करा. मेकॅनिकचं म्हणणं लेखी घ्या. तोंडी साक्ष हवेत विरते.
४. पंपावरच्या तक्रारवहीत तक्रार लिहा. तिथल्या फलकावर कंपनीच्या अधिकाऱ्याचा क्रमांक असतो, त्यालाही कळवा.
५. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांकडेही अर्ज देता येतो.
६. भरपाई नाकारली तर जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची. नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याचा अधिकार आयोगाला आहे.

वर्गात काय करता येईल?

पेट्रोल किंवा रॉकेल वर्गात अजिबात आणू नका. त्याच्या वाफा पेट घेतात. खाण्याचं तेल आणि शाईचं दोन थेंब टाकलेलं पाणी पुरतं. काचेच्या बरणीत दोन्ही हलवून ठेवा आणि थर वेगळे व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. स्ट्रॉच्या एका टोकाला मातीचा गोळा लावून हायड्रोमीटर बनवा आणि तेल, साधं पाणी, मिठाचं पाणी यांत तो किती बुडतो याच्या खुणा करा. २४ डिसेंबरच्या राष्ट्रीय ग्राहक दिनाला भाषणांऐवजी हा प्रयोग मांडला तर पालकही थांबून बघतात.

स्वाध्याय

१. टँकरच्या कागदावर घनता ७४५.० आहे. पंपावर १५ अंशाला काढलेली घनता ७४९.२ आली. तुम्ही पेट्रोल भराल का? कारण द्या.
२. पाणी दुधात मिसळतं पण तेलात नाही. मग दुधातलं पाणी पकडणं सोपं की डिझेलमधलं? का?
३. फिल्टर पेपरची चाचणी पास झाली, तरी पेट्रोलमध्ये पाणी असू शकतं का?
४. घरातल्या मोठ्या माणसांबरोबर पंपावर जाल तेव्हा आजची घनता लिहिलेली आहे का, ते बघा. लिहिलेली नसेल तर नम्रपणे विचारा. काय उत्तर मिळालं ते वहीत लिहून आणा.