रूपचंदचे दात

भांडुप-मुलुंडकडे घरोघरचे फिशटँक साफ करणं हा माझा धंदा. हात निर्ढावलेला, तरी करंगळीचं अर्धं नख गेलं ते रूपचंदमुळे. एका घरी मुलाच्या वाढदिवसाला 'छोटा पिरान्हा' म्हणून आणलेलं दोन इंची पिल्लू ताटाएवढं झालं होतं आणि पोरगा त्याला रोज वरून शेंगदाणे टाकायचा. मी स्पंज काढायला हात घातला. वरून येतं ते खायचं, एवढंच त्या माशाला ठाऊक. चावला आणि लगेच सोडलंही, पण बोट चेचलं गेलं होतं.

कोळणीच्या पाटीत दिसतो तो रूपचंद म्हणजे पाकू, पिरान्ह्याचा चुलतभाऊ. मूळचा दक्षिण अमेरिकेचा. तिकडे पुरात बुडालेल्या रानात झाडांवरून पडणाऱ्या कठीण बिया तो फोडून खातो, म्हणून त्याचे दात आपल्या दाढांसारखे. तो चेचतो, पिरान्हा कातरतो. काळ्या पिरान्ह्याचा चावा २०१२ च्या एका अभ्यासात ३२० न्यूटनपर्यंत भरला; म्हणजे जेमतेम किलोभराच्या माशाच्या जबड्यात तीसेक किलोंचा जोर!

घरी असा मासा असेल तर आधी काचेची आडपट्टी घालून त्याला एका बाजूला घ्या, मगच हात. खाणं चिमट्याने द्या. टँकबाहेरही जपा: गळाला मरळ लागली तर आकडा बोटांनी काढू नका, पक्कड वापरा. आणि पावसाळ्यात तिच्या लालसर पिल्लांचा थवा दिसला तर तिथे पाय घालू नका. आईबाप राखणीला असतात.

चावलंच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, दाबून रक्त थांबवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. खरी गोम पुढे आहे. टँकच्या पाण्यातल्या एका जंतूची गाठ कातडीवर काही आठवड्यांनी उठते, तोवर चावा विसरलेला असतो. डॉक्टरांना टँकचं स्वतःहून सांगा, नाहीतर साध्या गळवाचे उपचार चालत राहतात.

मासा डोईजड झाला की काहीजण रात्री तलावावर पिशवी घेऊन जातात. श्रीनगरच्या दल सरोवरात २०२३ साली अमेरिकेचा अ‍ॅलिगेटर गार मासा सापडला, तो काही पोहत आला नव्हता. दुकानदाराला परत द्या, मोठा टँक असलेल्याला फुकट द्या, पण पवई तलावात सोडू नका.