उजव्या हाताला आधी सांगून ठेव

अगं, ऑपरेशनची तारीख ठरली हे तू फोनवर अशा सुरात सांगितलंस, जणू घर रंगवायला काढलंय. मीही माझ्या वेळी अश्शीच बोलत होते सगळ्यांशी. माझ्यापाशी तसं नको. रडायचं असेल तर रड, मी फोन ठेवत नाही.

आणि एक गोष्ट ऐक, जी मला कुणी सांगितली नव्हती. आपण सगळ्या जणी छातीचाच विचार करत बसतो. पण घरी आल्यावर पहिले दोन महिने मला अडवलं ते हातानं. गाठ काढताना काखेतल्या छोट्या ग्रंथी, म्हणजे नोड्सही तपासायला काढतात, त्यामुळे खांदा आखडतो, दंडाची आतली बाजू बधिर होते. तुझी गाठ उजवीकडे आहे. कणीक मळणारा, कुकर उचलणारा, वेणी घालणारा हात तोच. तेव्हा त्याला आत्ताच सांगून ठेव, की बाबा, आता थोडे दिवस बसून राहायचं.

म्हणजे काय करायचं? वरच्या फळीवरचं रोजचं सगळं ओट्याच्या उंचीला उतरव. डाळ-तांदळाच्या मोठ्या डब्यांतलं थोडं थोडं छोट्या डब्यांत काढ. पोळ्यांना बाई लाव, आणि ती ऑपरेशनच्या आधीच यायला लागू दे, म्हणजे तुझ्या डोळ्यांदेखत घडी बसेल. बादली उचलणं, कपडे पिळणं हे कुणाकडे, ते नवऱ्याला आणि मुलाला समोर बसवून सांग. न मागता मदत मिळेल याची वाट बघत मी आठवडाभर मनात कुढले. तू तसं करू नकोस.

कपड्यांचं म्हणशील तर डोक्यावरून घालायचं काही नको. पुढून बटणांचे तीन-चार सैल सुती गाउन घे. ब्लाउज आपले पुढून हुकांचेच असतात, ते बरं, पण काखेत उसवून सैल करून ठेव.

डॉक्टरांकडे जाताना प्रश्न लिहून ने आणि कुणाला तरी सोबत घे, कारण घाबरलेल्या कानांना निम्मं ऐकूच येत नाही. पहिला प्रश्न हा, की माझा स्तन राखता येईल का. नसेल, तर का नाही. ‘सगळं काढलं की सुटलो’ असं आपल्याकडे फार जण म्हणतात. पण अमेरिकेतल्या बर्नार्ड फिशर या सर्जननी १९८५ साली मोठा अभ्यास मांडला होता. त्यात गाठ आणि तिच्या कडेचा भाग काढून रेडिएशन घेतलेल्या बायका, पूर्ण स्तन काढलेल्यांइतक्याच जगल्या होत्या. २००२ मध्ये त्याच बायकांचा वीस वर्षांचा पाठपुरावा मांडला, तरी तेच. माझ्या बाबतीत ते जमण्यासारखं नव्हतं, तुझ्या बाबतीत जमेल की नाही ते डॉक्टर सांगतील. पण विचारायचं. दुसरा प्रश्न काखेचा. सगळे नोड्स काढणार, की आधी पहिले एक-दोन तपासून ठरवणार? त्यासाठी निळा रंग टोचला, तर नंतर लघवी हिरवी-निळी होते. मी ते बघून किंचाळले होते. तू घाबरू नकोस. साखरेच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या आणि वैद्यांचा काढा, सगळं सांग, लपवू नकोस.

खर्चाचंही आधीच बघ. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं, पण मंजुरी आधी लागते. रेशन कार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेट.

बांगड्या मात्र घरीच काढ गं. माझ्या वॉर्डात ऐन वेळी कापल्या. काचेचा तो आवाज मला टाक्यांपेक्षा जास्त लागला. तू आदल्या रात्री, साबण लावून, स्वतःच्या हातानं काढ आणि मंगळसूत्रासोबत डबीत ठेव. नेलपॉलिशही पूस.

शुद्धीवर येशील तेव्हा कुशीतून एक नळी आलेली असेल, तिला छोटा डबा. तो ड्रेन. गळ्यात अडकवायला कापडी पिशवी शिवून ठेवते मी. रोज किती मिली भरला ते वहीत लिहायचं. आधी लाल, मग गुलाबी, मग पिवळसर होत जातो. माझा दिवसाला ३० मिलीच्या खाली आल्यावर काढला, तुझे डॉक्टर तुझा आकडा सांगतील. एकदम लालभडक आला, ताप आला, जखम फुगली, तर रात्र-अपरात्र बघू नकोस, फोन कर.

आरशाचं सांगू? घाई करू नकोस, पण फार लांबवूही नकोस. मी टाळत राहिले आणि न बघितलेलं मनात भलतंच मोठं झालं. शेवटी ड्रेसिंगच्या वेळी सिस्टरचा हात धरून पाहिलं. एक आडवी रेघ होती. खूप रडले, आणि त्या रात्री पहिल्यांदा शांत झोपले. नवऱ्याला कधी दाखवायचं, ते तू ठरव. आणि भेटायला येऊन ‘कुठले गं हे भोग’ म्हणणाऱ्या बायकांना दारातूनच परतवायचं काम मी तुझ्या जाऊबाईंवर सोपवलंय. तू काहीही केलेलं नाहीस, ऐकतेस ना? ना उपास मोडल्यानं होतं हे, ना कुणाच्या नजरेनं.

सगळ्यात अवघड दिवस ऑपरेशननंतरचे, रिपोर्टची वाट बघण्याचे. केमो लागणार का, तेव्हा कळतं. त्या दिवसांत एकटी राहू नकोस.

मग व्यायाम. आधी बोटं, मूठ, कोपर. डॉक्टर हो म्हणाले, की भिंतीवर बोटांनी चढायचं आणि पोचलीस तिथे पेन्सिलनं रेघ मारायची. माझ्या मागच्या खोलीत त्या रेघा अजून आहेत, खांद्यापासून दाराच्या चौकटीपर्यंत. रंगाऱ्याला मी तेवढी पट्टी सोडायला लावली. पुढेही त्या हाताला जप. भाजणं-कापणं नको, भांडी घासताना हातमोजे घाल. हात जड वाटला, सुजला, तर लगेच दाखव.

रविवारी सकाळच्या एसटीनं येतेय. पेन्सिल आणते. ब्लाउज कपाटातून काढून पलंगावर ठेव, उसवायला दोघी बसू.