चित्र वाकडंच येऊ दे

अगं, भाऊबीजेला सासर-माहेरची सगळी माणसं तुझ्याकडे जमणार ना? मला फराळाची काळजी नाही, जेवणानंतरच्या दोन तासांची आहे. पुरुष मोबाइलमध्ये, बायका ओट्यापाशी, पोरं टीव्हीसमोर, असं होऊ देऊ नकोस. चित्र ओळखायचा खेळ मांड. दमशेराज नको. सगळ्यांसमोर हातवारे करायला तुझ्या सासऱ्यांना अवघड वाटेल. कागदावर रेघोट्या मारायला कुणाचं काय जातं?

पिक्शनरीचा डबा आणू नकोस. १९८५ साली अमेरिकेत सिएटलच्या रॉब एंजेलने तो खेळ काढला, कल्पना फर्मास आहे. पण त्याच्या इंग्रजी कार्डांपुढे आजी गप्प बसतील. नियम तेवढे घे: एकाने काढायचं, त्याच्याच भिडूंनी मिनिटाभरात ओळखायचं, अक्षर, आकडा, बोलणं, खुणा सगळं बंद. पाठकोरे कागद, जाड स्केचपेन आणि मोबाइलचा टायमर, बास.

चिठ्ठ्या मात्र आपल्या नगरच्या कर. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तरी पोरांना जिल्हा कुठे माहीत असतो? शिंगणापूर सगळ्यात सोपं, घर काढायचं आणि दार काढायचंच नाही. नेवाशाला खांब काढला की आजी 'ज्ञानेश्वरी' म्हणून ओरडतीलच. कळसूबाईला डोंगराच्या टोकावर एक बाई बसवली की झालं. १६४६ मीटरचं राज्यातलं सर्वात उंच शिखर आपल्या अकोले तालुक्यात आहे, हेही जाता जाता पोरांच्या कानावर पडेल. रेहेकुरीच्या काळविटाची पिळाची शिंगं, रणगाडा संग्रहालय, भुईकोट किल्ल्यात लिहीत बसलेले नेहरू हेही घाल. चांदबीबी महालावर भांडण होणार हे धरून चाल. कुणीतरी शहाणा म्हणेलच की ती खरं तर सलाबतखानाची कबर आहे. त्याचं बरोबर आहे, पण गुण चांदबीबीलाच दे.

आणि म्हणी विसरू नकोस. 'पालथ्या घड्यावर पाणी', 'गाढवापुढे वाचली गीता' यांचं निम्मं चित्र म्हणीतच काढून ठेवलेलं असतं. इथे म्हाताऱ्या माणसांपुढे कॉलेजची पोरं हरतात, आणि तेच बघायला मजा येते. 'प्रामाणिकपणा', 'विकास' असले शब्द टाळ. त्यांचं चित्र कुणालाच जमत नाही, नुसता वेळ जातो.

भिडू वाटताना नवरा-बायको एका गटात ठेवू नकोस. ती एक रेघ ओढते न ओढते तोच तो ओळखतो, नाही ओळखलं तर घरी गेल्यावर ऐकावं लागतं. जावेला तुझ्या भावाच्या गटात टाक, सासूबाईंना आपल्या धाकट्याबरोबर. ज्याचा हात चित्रकलेत चांगला त्याला वेळ मोजायला बसव. तो छाया-प्रकाश दाखवत बसतो आणि मिनिट संपतं. ज्याला धड गाय काढता येत नाही, तोच चार रेघांत काम उरकतो.

आजी बसतील तिथे दिवा चांगला हवा, आणि कागद भिंतीला चिकटव म्हणजे कुणाला वाकावं लागणार नाही. गुण मोजायचं काम लहानग्यांकडे दे, ती चोख असतात. तासाभरात आटप, कंटाळा यायच्या आत.

आणि हो, 'सासू' ही चिठ्ठी पहिल्या वर्षी घालू नकोस.